ओल्या माणसाची सोबत

आत्या माझ्याकडे शेलूला राहायला आली तेव्हा तिच्यासोबत कपड्यांच्या दोन पिशव्या होत्या आणि पुस्तकांनी भरलेली एक पत्र्याची पेटी. लिफ्ट बंद होती. पेटी जिन्याने वर चढवताना रिक्षावाला घामाघूम झाला. आत काय भरलंय एवढं, असं त्याने विचारलं तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "भुतं." तो हसला, पण पेटी आत न आणता दारातच ठेवून गेला.

ती खोटं बोलली नव्हती. पेटीत सगळ्या भयकथाच होत्या. काही मराठी, बऱ्याचशा इंग्रजी, मुखपृष्ठं निघालेली, पानांना दमट वास. परक्या देशातल्या, जुन्या काळातल्या गोष्टी. त्यांत ओसाड घरं होती, धुक्यातल्या दफनभूमी होत्या, वेडाच्या काठावर उभी असलेली माणसं होती, आणि मेल्यावरही पुरती न गेलेली माणसं होती. आत्याने आयुष्यभर हेच वाचलं. घरातल्या बाकीच्या बायका पोथी वाचायच्या, आत्या हे वाचायची, आणि दोन्ही वाचनांत तिला काही फरक वाटत नसे.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मूळ घर कडावला, भातशेतीचं. पण ती शिकली, टायपिंग शिकली आणि भिवपुरीच्या वीजघराच्या ऑफिसात लागली. लग्न केलं नाही. निवृत्त होईपर्यंत तिथल्याच क्वार्टरमध्ये राहिली. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचे. डोंगरावरून खाली उतरणारे ते प्रचंड पाइप तिच्या खिडकीतून दिसायचे, आणि सगळ्या वस्तीला एक बारीक गुणगुण असायची, झोपेत कुणीतरी जवळ श्वास घेतंय तशी. आत्या गोष्टी सांगायची त्या भर दुपारी, जेवण झाल्यावर, लख्ख उजेडात. रात्री सांगितली की भीती अंधाराची वाटते, गोष्टीची वाटत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे माझ्या मनात भुतं कायम दुपारचीच राहिली. त्यांच्या अंगावर ऊन असतं.

निवृत्तीनंतर ती कडावला माझ्या चुलतभावाकडे राहायला गेली. तिथे अंगणात दोनदा पडली. मी एकटीच राहते, भाषांतराची कामं घरूनच करते, दिवसभर घरात असते, म्हणून तिला मी घेऊन आले.

आमची इमारत तेव्हा नवी होती आणि निम्मी रिकामी. बाल्कनीतून खाली कापणी झालेली शेतं दिसायची, पलीकडे झाडांची रांग आणि तिच्यामागे नदी. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं एवढं यायचं की तिसऱ्या मजल्यावर आम्ही ढगात राहतो असं वाटायचं. शेतं, झाडं, समोरची अर्धवट बांधलेली इमारत, सगळं पुसून जायचं आणि मग नऊच्या सुमाराला एकेक परत यायचं. आत्या शाल गुंडाळून बाल्कनीतल्या खुर्चीत बसायची आणि जग परत येताना बघायची. तिला घर आवडलं.

योगायोग असा, की त्याच थंडीत एका प्रकाशकाने मला जुन्या इंग्रजी भयकथांचं भाषांतर करायला सांगितलं. आत्याला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत सावरून बसली. मग आमचा नेमच झाला. सकाळी मी पानं उतरवायचे आणि दुपारी तिला वाचून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. तिथे शब्द चुकलेला असायचा. एकदा मी लिहिलं होतं, की घरात पाऊल टाकताच त्याला धसका बसला. तिने हात वर केला. धसका एकदम बसतो, म्हणाली, आणि मग आत राहतो. या माणसाला अजून काही झालेलंच नाही, त्याने नुसती धास्ती घेतली आहे. भीती वाटते, धास्ती घेतली जाते, धसका बसतो, तिन्ही वेगळी. मी शब्द बदलला. त्या दुपारी मला ती फार निरोगी वाटली होती.

पौषात कधीतरी तिला तो दिसायला लागला.

पहिल्यांदा तिने अगदी सहज विचारलं, बाल्कनीत कोण बसलंय. मी पाहिलं, कुणी नव्हतं. असेल, म्हणाली, आणि चहा प्यायली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मग हळूहळू विचारणं थांबलं आणि सांगणं सुरू झालं. पुरुष आहे. वय फार नाही. काही बोलत नाही. कठड्याला टेकून खाली बसतो. आणि ओला आहे, डोक्यापासून पायापर्यंत ओला, अंगातून पाणी गळतंय. एवढ्या थंडीत बिचारा बाहेर बसतो याचंच तिला वाईट वाटत होतं. घाबरली ती मुळीच नव्हती.

मी तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याशी गप्पा मारल्या, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मग मला बाजूला घेऊन समजावलं. या आजारात आठवणी जातात आणि डोळ्यांना नसलेलं दिसतं, हळूहळू वाढत जाणार, वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. परत येताना रिक्षात आत्या म्हणाली, "त्यांनी तुला सांगितलं ना, मला वेड लागतंय म्हणून?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ती बाहेर बघत राहिली, रागावली नाही.

त्यानंतर ती रोज सकाळी एक टॉवेल बाल्कनीत खुर्चीच्या पाठीवर टाकू लागली, त्याच्यासाठी. संध्याकाळी मी तो काढून घडी करून ठेवायचे. एका सकाळी मी जरा उशिरा उठले. ती आतल्या खोलीत अजून झोपलेली होती आणि टॉवेल रात्रभर बाहेरच राहिला होता. मी उचलला तर तो चिंब होता. नुसता दमट नव्हता, पिळला तर पाणी गळेल असा. धुकं दाट होतं, शेजारच्या कठड्यावरही थेंब धरले होते, दवाने टॉवेल ओला होणारच. हे सगळं मला कळत होतं. तरी मी तो टॉवेल हातात धरून उभी राहिले आणि मागे वळून बघायचं माझं धाडस होईना. पाठीमागे पांढऱ्या धुक्याशिवाय काही असणार नव्हतं. पण त्या धुक्याला वजन आल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून मी भाषांतर बंद केलं. कागद कपाटात ठेवून दिले आणि तिला सांगितलं, सध्या दुसरं काम आलंय. मला खरोखर वाटायला लागलं होतं, की त्या गोष्टीच तिच्या डोक्यात शिरल्या आहेत. खालच्या मजल्यावरची शेजारीण, शेलू गावातलीच, तीही म्हणाली, "ताई, ती असली बुकं घरात ठेवूच नका. माझं ऐका, पेटी नदीत सोडून द्या." मी पेटी पलंगाखाली ढकलली. दुपारी जेवण झालं की आत्या सवयीने डोळे मिटून बसायची, ऐकायला. मी भांडी घासत राहायचे.

मग एका सकाळी ती घरात नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. चपला नव्हत्या, शाल नव्हती. मी जिन्याने खाली धावले. बाहेर हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नव्हतं. मी हाका मारत शेताच्या बांधावरून नदीच्या दिशेने निघाले आणि थोड्याच वेळात कुठल्या दिशेने चाललेय तेच मला कळेना. झाडं अचानक समोर यायची आणि मागे विरघळायची. माझीच हाक दुसऱ्या कुणाची असल्यासारखी परत यायची. नदीचा आवाज सगळीकडून येत होता. मी इतके दिवस ज्या भीतीचे शब्द निवडत होते तिच्यात त्या सकाळी उभी राहिले. तिथे एकही शब्द आठवला नाही. फक्त पाणी कुठे आहे ते कळावं, एवढंच वाटत होतं.

फोन वाजला. पेटी चढवणारा तोच रिक्षावाला. आजी माझ्या रिक्षात बसून भिवपुरीच्या कॅम्पला आल्यात, म्हणाला. वीजघराच्या वस्तीला सगळे कॅम्पच म्हणतात. त्यांनी ड्युटीवर जायचंय म्हणून सांगितलं, मला वाटलं तुम्हाला माहिती असेल, पण आता त्या इथून उठायला तयार नाहीत. तो बिचारा तिच्याजवळ थांबून राहिला होता.

मी पोचले तेव्हा धुकं विरून ऊन पडलं होतं. गेटच्या अलीकडे, वीजघरातून सुटलेलं पाणी जिथून नदीकडे जातं, त्या काठावर आत्या बसली होती. पाणी हिरवं आणि वेगाचं. मी तिच्याशेजारी बसले. रागवायचं ठरवून आले होते, पण तिचा चेहरा इतका निवांत होता की राग निघून गेला. रिक्षावाला समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.

"त्याला सोडाया आले," ती म्हणाली. "कुठला ते आठवलं."

तिची भाषा बदलली होती. नोकरीला लागल्यापासून ती आमच्यात सगळ्यांत शुद्ध बोलायची. आजार वाढला तसं कडावचं लहानपणचं बोलणं वर येऊ लागलं होतं. त्याच बोलण्यात तिने मला ती हकिकत सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती.

ती नोकरीला नुकती लागली होती. भाद्रपदातला पाऊस, नदी फुगलेली. वरून कुठूनतरी एक माणूस वाहत आला आणि इथे काठाच्या झुडपांत अडकला. लोकांनी बाहेर काढला, पण जीव गेलेला होता. कुणाच्या ओळखीचा नव्हता. पोलिसांना कळवलं, पण कर्जतचा रस्ता पाण्याखाली होता, त्यांना यायला उशीर लागणार होता. अंगावर एक गोणपाट टाकून सगळे शेडमध्ये चहाला गेले. आत्या ऑफिसच्या खिडकीतून बघत होती. वाऱ्याने गोणपाट सरकलं आणि त्याचा चेहरा उघडा पडला. डोळे उघडे होते आणि पाऊस सरळ त्याच्या डोळ्यांत पडत होता.

"डोळ्यांत पाणी पडतंय नि तो मिटत नाय," आत्या म्हणाली. "मला बघवंना गं. मी छत्री घेतली नि जाऊन त्याच्यावर धरली."

पोलीस येईपर्यंत ती तिथे उभी होती. लोकांनी हाका मारल्या, ती हलली नाही. ऑफिसातल्या साहेबांनी माणूस पाठवला, तरी नाही. संध्याकाळी त्याला गाडीत घालून नेलं तेव्हा ती घरी गेली, कपडे बदलले, भात लावला. तिच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती. पण कडावपर्यंत बातमी गेली होती. पोरीला मेलेल्याने धरलं, असं झालं. आजोबा येऊन तिला घेऊन गेले. भगताकडे नेलं, अंगारा लावला, धूर दिला. भगत विचारायचा, तू कोण आहेस, आणि ती स्वतःचं नाव सांगायची. ते ऐकून त्यांचा संशय वाढायचा. खालापूरकडच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. तिकडून निरोप आला की आता नको.

"मी येडी नाय, येडी नाय, म्हणत गेले तितकी येडी ठरत गेले. मंग म्हणायचं सोडलं."

ती नोकरीवर परतली, आणि त्याच वर्षी कॅम्पच्या लायब्ररीत तिला पहिलं भयकथेचं पुस्तक मिळालं. त्यातल्या एका गोष्टीत सगळ्यांनी वेडा ठरवलेला माणूस स्वतःची हकिकत स्वतः सांगत होता, आणि वाचणाऱ्याला ती शेवटपर्यंत ऐकावी लागत होती. आत्याला ते फार आवडलं. मग ती वाचतच गेली. मी तिला विचारलं, भीती नाही वाटायची का. ती म्हणाली, वाटायची, पण त्या गोष्टींतली माणसं मेलेल्याला एकटं सोडत नाहीत. कुणी उशाशी बसतं, कुणी तळघरात उतरतं, कुणी भिंत फोडतं. वेड लागतं त्यांना, पण सोडून जात नाहीत. इथे सगळे चहाला गेले होते.

पाणी वाहत होतं. चहा आला. आत्याने कप हातात धरला आणि बराच वेळ प्यायलीच नाही. मग ती मला म्हणाली, "मला नेताना घाई करू नका. जरा बसा माझ्यापाशी." मी हो म्हटलं.

घरी आल्यावर मी कपाटातून कागद काढले आणि दुपारी वाचायला सुरुवात केली. बाल्कनीतला माणूस पुन्हा आला नाही. दुसरी माणसं येत राहिली, काही तिच्या ओळखीची, काही नाही, पण कुणाला कशाची गरज नसायची. उन्हाळा लागला. आत्या हळूहळू कमी होत गेली. आधी माझं नाव गेलं, मग मी कोण ते गेलं. तरी वाचताना मी थांबले की तिची बोटं हलायची, पुढे, पुढे. कधी कधी ती मला तिची आई समजायची आणि माझा पदर धरून झोपायची. मी ओढणी घेत असे, तिलाच ती पदर म्हणायची. दुपारी खिडकीचे पडदे उन्हाने भरून यायचे, पंख्याचा एकसुरी आवाज, आणि मी परक्या देशातल्या कुठल्यातरी घरात मेणबत्ती घेऊन जिना चढणाऱ्या माणसाबद्दल वाचत असायचे. त्या दिवसांत मला कधी कधी कळायचं नाही, आम्हा दोघींपैकी कोण कुणाला स्वप्नात बघतंय.

वैशाखात एका पहाटे ती गेली. मी शेजारीच झोपले होते. उजाडताना जाग आली ती शांततेमुळे. तिचा हात माझ्या हाताजवळ होता. अजून थोडा ऊबदार होता. मी घाबरले नाही. त्याचं मलाच थोडं नवल वाटत राहिलं. मी तिचे डोळे बघितले. ते मिटलेले होते.

चुलतभाऊ कडावहून लगेच आला. शेजारीणही वर आली, तिनेच तुळस आणि गंगाजल आणलं. भावाने सगळी व्यवस्था पटापट केली, तो तसा कामाचा माणूस. दिवस उन्हाचे आहेत, दहाच्या आत इथून निघू, म्हणाला, गावाला माणसं थांबलीत. मी त्याला म्हटलं, थोडं थांबू. त्याने विचारलं कशासाठी. मी एवढंच म्हटलं, तिची तशी इच्छा होती, जरा बसू तिच्यापाशी. तो चिडला, इतक्या लोकांना काय सांगायचं म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने फोन काढून गावाला कळवलं की दुपार होईल.

आम्ही बसलो. सुरुवातीला सगळे अवघडलेले होते, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी दाराशी जाऊन येत होतं. मग हळूहळू खोली शांत झाली. शेजारीण तिच्या पायाशी बसली आणि तिने कुणालाही न विचारता आत्याच्या पायांवरून हात फिरवायला सुरुवात केली, लेकराला झोपवताना फिरवतात तसा. भाऊ भिंतीला टेकला. लहानपणी आत्याने आपल्याला कशी पाटी विकत घेऊन दिली होती ते तो सांगू लागला आणि सांगता सांगता रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ऊन पडद्यातून आत आलं, तिच्या कपाळावर आलं, तिथून खाली सरकलं. कुणी काही वाचलं नाही, म्हटलं नाही. ते तास माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मोकळे तास होते असं मला आता वाटतं. मग भावानेच हळूच विचारलं, आता नेऊया ना. मी हो म्हटलं.

कडावला नदीकाठी तिला अग्नी दिला. गावातली म्हातारी माणसं आली होती. तिच्याबद्दल कुणी काही वावगं बोललं नाही. दिवस झाले, लोक पांगले, मी शेलूला परत आले.

भाषांतर पावसाळ्यात पुरं झालं. शेवटची गोष्ट मी मोठ्याने वाचत वाचतच उतरवली, त्याशिवाय मला शब्द लागत नव्हते. शेजारणीने एकदा दारातून डोकावून विचारलं, "एकट्याच बोलताय, ताई? बऱ्या आहात ना?" मी बरी आहे म्हटलं. ती आत येऊन बसली आणि थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, पुढं काय झालं ते सांगा, आता अर्ध्यात नका सोडू. तेव्हापासून ती कधी कधी दुपारी येते.

पुढच्या थंडीतली गोष्ट. सकाळी मला अर्धवट जाग आली तेव्हा खोलीत धुक्याचा पांढरा उजेड होता, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत्या ओट्याशी उभी असलेली दिसली. पाठमोरी. चहा गाळत होती. गाळणी कपावर आपटण्याचा आवाजही मी ऐकला. ते स्वप्न होतं की डॉक्टर म्हणाले होते तसलं काही माझ्याही डोक्यात सुरू झालं होतं, मला माहीत नाही. मी हाक मारली नाही. उठून बघायलाही गेले नाही. पांघरूण नीट ओढून घेतलं आणि बराच वेळ तशीच पडून राहिले, घरात कुणी मोठं माणूस आधीच उठलेलं असलं की पडून राहावं तशी. नंतर दारावरची बेल वाजली, दूधवाला आला होता. मी उठून पातेलं घेतलं, दूध तापत ठेवलं आणि बाल्कनीचं दार उघडलं. खाली शेतं अजून दिसत नव्हती.